का ते ठाऊक नाही, पण असंच करतात

१८६० च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघाली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायचा होता. सोबत उंट, घोडे, गाड्या आणि वीस टनांच्या आसपास सामान. पुढच्या फेब्रुवारीत त्यांतले चौघे उत्तरेच्या आखातापर्यंत पोचलेही. परतताना एक जण वाटेत गेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर्स क्रीकच्या तळावर आले, तर तळावरची माणसं चार महिने वाट पाहून त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. योगायोग इतका दुष्ट आहे की बहुतेक जण ही गोष्ट इथेच संपवतात. मला तिचा पुढचा भाग जास्त छळतो.

कारण हे तिघे ओसाड जागी अडकले नव्हते. त्या परिसरात यांड्रुवांधा लोक कितीतरी पिढ्या राहत आले होते. त्यांनी या पाहुण्यांना मासे दिले, नार्डू नावाच्या पाणवनस्पतीच्या बीजकोशांच्या भाकऱ्या दिल्या. बर्कला ही मदत घेणं कमीपणाचं वाटत असावं. एकदा तर त्याने त्यांना हाकलण्यासाठी बंदूक झाडली. लोक दुरावले. मग या तिघांनी स्वतःच नार्डू शोधला, दगडावर दळला, शिजवून खाल्ला. भरपूर खाल्ला. विल्सच्या रोजनिशीत शेवटी शेवटी एक चमत्कारिक नोंद येते: भूक भागते आहे, पण अंगात उठायचं बळ राहिलेलं नाही. जूनअखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही गेले. तिसरा, जॉन किंग, यांड्रुवांधांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यातच राहिला, त्यांनी दिलेलं खात राहिला. सप्टेंबरमध्ये शोधपथकाला तो जिवंत सापडला.

नार्डूत थायामिनेज नावाचं विकर असतं. ते शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. यांड्रुवांधांची पद्धत लांबलचक होती: बीजकोश भाजायचे, मग दळायचे, पिठात भरपूर पाणी घालायचं, आणि ते पातळ पीठ खायचं तर पानाने नाही, शिंपल्याने. या पायऱ्यांमुळे त्या विकराचा जोर मोडत असावा, असं नंतरच्या संशोधकांचं म्हणणं आहे. पाहुण्यांनी दळण्याची पायरी उचलली, कारण तिचा उपयोग उघड दिसत होता. बाकीच्या सोडल्या.

आता खरा प्रश्न. यांड्रुवांधांना तरी थायामिनेज कुठे ठाऊक होतं?

कडू कसाव्याची गोष्ट हाच प्रश्न आणखी धारदार करते. दक्षिण अमेरिकेत माणसाळवलेलं हे कंद. दुष्काळात टिकतं, किडीला पुरून उरतं, कारण त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले टुकानो लोक ते सोलतात, किसतात, धुतात, चोथा, सत्त्व आणि पाणी वेगळं करतात, पाणी उकळतात, चोथा आणि सत्त्व दोनेक दिवस तसंच ठेवतात आणि मगच भाजतात. बायकांचा दिवसाचा केवढा तरी वेळ यात जातो. जोसेफ हेन्रिक हा मानववंशशास्त्रज्ञ इथे एक कल्पना करून बघायला सांगतो. समजा, या बायकांपैकी एक चिकित्सक आहे. ती विचार करते, एवढा खटाटोप कशाला? नुसतं उकडून बघते. कडवटपणा जातो. खाल्ल्यावर पोट दुखत नाही, उलटी होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. तिची बुद्धी तिला सांगणार की बाकीच्या पायऱ्या म्हणजे जुन्या लोकांचा निव्वळ वेळखाऊपणा. तिचा प्रयोग रीतसर आहे, निष्कर्षही हाती असलेल्या पुराव्याला धरून आहे. आणि काही वर्षांनी तिच्या घरातल्या मुलांच्या तब्येती ढासळतील तेव्हा त्याचा संबंध या उकडण्याशी आहे, हे तिला कधीच कळणार नाही.

कल्पना म्हणून हे सोडून देता येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कसावा आफ्रिकेत नेला. कंद गेलं, ते निर्विष करण्याची सगळी रीत त्याच्याबरोबर बोटीत चढली नाही. आफ्रिकेतल्या लोकांनी पुढे भिजवून आंबवण्याच्या स्वतःच्या उत्तम पद्धती बसवल्या, पण दुष्काळ किंवा युद्ध आलं, घाई झाली, पायऱ्या गळल्या, की कोंझो नावाचा आजार डोकं वर काढतो. पाय कायमचे लुळे पडतात, बहुतेक वेळा बायकांचे आणि मुलांचे. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला भागात हजारावर माणसं अशी पांगळी झाली.

मी शाळेत शिकले त्या विज्ञानाच्या गोष्टींमध्ये ज्ञान कसं वाढतं याचं चित्र साधं होतं. एका हुशार माणसाच्या डोक्यात प्रकाश पडतो, तो इतरांना समजावतो, ते समजून घेतात, त्यांच्यातल्या आणखी एका हुशार माणसाच्या डोक्यात पुढचा प्रकाश पडतो. या चित्रात समजणं आधी आणि करणं नंतर. कसाव्यासमोर हे चित्र टिकत नाही. तिथे कुणाच्याच डोक्यात संपूर्ण प्रकाश पडलेला नाही. कुणीतरी कधीतरी एक पायरी वाढवली, कारण चव सुधारली असेल. कुणी दुसरी, कारण पीठ जास्त टिकलं असेल. कुणी तिसरी निव्वळ चुकून. ज्या घरांत हे सगळं जुळून आलं ती घरं जरा बरी राहिली, शेजाऱ्यांनी त्यांचं बघून केलं. अशा शेकडो वर्षांनंतर जे हातात आलं ते त्या साखळीतल्या प्रत्येक माणसापेक्षा शहाणं होतं.

पण यासाठी एक अट आहे आणि ती आपल्या अभिमानाला फारशी मानवणारी नाही. ज्या पायरीचा अर्थ कळत नाही तीसुद्धा जशीच्या तशी उचलणारी माणसं हवीत.

तशी ती आहेतच, लहानपणापासून. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. एक पेटी, आत खाऊ. दाखवणारा माणूस आधी काठीने पेटीच्या वरच्या भोकात खुपसतो, ठोकतो, मग खालचं दार उघडून खाऊ काढतो. पेटी अपारदर्शक असताना चिंपांझींनीही सगळं तसंच केलं. मग पारदर्शक पेटी आणली. आता स्पष्ट दिसत होतं की वरच्या भोकाचा खाऊशी काही संबंधच नाही, मध्ये आडवा पडदा आहे. चिंपांझींनी वरची खटपट सोडून दिली आणि थेट खाऊ काढला. तीन-चार वर्षांची मुलं मात्र पारदर्शक पेटीतही इमानेइतबारे काठी खुपसत राहिली.

हा प्रयोग ऐकून लोक हसतात. चिंपांझी हुशार आणि मुलं बावळट. पण मुलांच्या जागी बसून पाहा. मोठ्या माणसाने मुद्दाम, गंभीर चेहऱ्याने एक गोष्ट केली आहे. जगात पारदर्शक पेट्या फार थोड्या. बहुतेक गोष्टींमध्ये आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि दिसतंय असं वाटतं तिथेही पुष्कळदा आपली फसगत होते. अशा जगात ‘मला अर्थ दिसत नाही, म्हणून अर्थ नाही’ असं मानणारं पोर पारदर्शक पेटीजवळ जिंकेल आणि कसाव्याजवळ हरेल. माझी भाची बुटाची नाडी बांधायच्या आधी टाच जमिनीवर आपटते, कारण मी आपटते. मी का आपटते, ते मला सांगता येणार नाही.

मायकल टोमॅसेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या सगळ्याला एका दातेरी चाकाची उपमा दिली: पुढे फिरतं, पण मागे घसरू नये म्हणून खटका असतो. पुढे ढकलणारे प्राणी पुष्कळ आहेत. माकडं नव्या युक्त्या काढतात, कावळे काढतात. अवघड काम खटक्याचं आहे, म्हणजे आधीचं जसंच्या तसं धरून ठेवण्याचं. हल्ली या रेषेच्या पलीकडे फक्त आपणच आहोत, असं ठामपणे म्हणणं कठीण होत चाललंय, हे इथेच सांगून टाकते. २०२४ मध्ये भुंग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: दोन पायऱ्यांचं कुलूप, जे एकटा भुंगा कितीही दिवस खटपट करून उघडू शकला नाही. शिकवायला घेतलेल्या भुंग्यांनाही पहिल्या पायरीला वेगळी लालूच दाखवावी लागली. पण मग या शिकलेल्यांच्या सोबत राहून कोरे भुंगे ती लालूच न मिळताही दोन्ही पायऱ्या शिकले. आणि अमेरिकेतल्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या! ऋतुमानाने कोवळं गवत जसजसं डोंगर चढतं तसतशा त्याच्यामागे जाणारे त्यांचे जुने कळप आहेत. काही ठिकाणी या मेंढ्या नामशेष झाल्या होत्या, तिथे दुसरीकडून आणून सोडल्या. २०१८ च्या एका अभ्यासात या नव्या कळपांच्या गळ्यात यंत्रं अडकवून पाहिलं, तर बहुतेक मेंढ्या स्थलांतर करतच नव्हत्या. भूक तीच, डोंगर तसेच, फक्त वाट दाखवणारी म्हातारी मेंढी नव्हती. कळपाला वाटा पुन्हा बसवायला काही दशकं लागतात. ज्ञान मेंढीच्या डोक्यात असतं की डोंगराच्या उतारावर, असा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. बहुधा दोन्हीकडे नसतं, ते एकीच्या मागून दुसरीने जाण्यात असतं.

तसं असेल तर ते फार सहज तुटेल. आणि तुटतंही. वायव्य ग्रीनलंडमधल्या इनुग्विट लोकांकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कयाक म्हणजे चामड्याची अरुंद होडी नव्हती, धनुष्यबाण नव्हते, मासे मारायचा खास भाला नव्हता. हे सगळं त्यांच्या पूर्वजांकडे होतं. मधल्या काळात साथीत जाणती माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर कसबही गेलं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. उरलेल्यांना कयाक म्हणजे काय ते माहीत असणं आणि ती बांधता येणं यात एक अख्खं आयुष्य होतं, आणि ते आयुष्य जगलेलं कुणी उरलं नव्हतं. १८६० च्या दशकात किटडलार्सुआक नावाच्या एका शामानच्या, म्हणजे मांत्रिकाच्या मागोमाग बॅफिन बेटावरून काही कुटुंबं तिथे आली, तेव्हा या गोष्टी परत आल्या. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या टास्मानिया बेटाचंही उदाहरण या संदर्भात नेहमी देतात: समुद्र चढून बेट मुख्य भूमीपासून तुटलं, माणसं थोडी उरली, अवजारं साधी होत गेली. हेन्रिकने २००४ मध्ये याचं गणितही मांडलं. पण मी हे उदाहरण जपून वापरते. पुरातत्त्वज्ञांमध्ये त्यावर वाद आहे, गरज बदलली म्हणून अवजारं बदलली असंही म्हणणारे आहेत, आणि ज्या लोकांना वसाहतवाल्यांनी ‘मागास’ ठरवून जवळजवळ संपवलं त्यांच्याबद्दल बोलताना थोडा संकोच असलेला बरा.

लिहिण्यावाचण्याने हा धोका टळतो, असं वाटेल. मलाही ते सोयीचं वाटलं असतं, कारण माझं पोट लिहिलेल्यावर चालतं. पण स्कर्व्हीचा इतिहास आड येतो.

स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. हिरड्या सुजून रक्त येतं, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. लांबच्या समुद्रप्रवासात त्याने लढायांपेक्षा जास्त खलाशी मारले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला सौम्य आम्ल. एका जोडीला संत्री आणि लिंबं. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात ती जोडी सुधारली होती. इथे गोष्ट संपायला हवी होती ना? लिंडच्या डोक्यात मात्र आजाराच्या कारणांबद्दल त्याच्या काळाच्या कल्पना होत्या, दमट हवा आणि घाम अडून राहणं वगैरे. फळं टिकत नाहीत म्हणून त्याने रस आटवून ठेवण्याची शिफारस केली. आटवताना नेमकं जे हवं ते उष्णतेने निघून जात होतं. शेवटी १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सक्तीचा केला आणि स्कर्व्ही जवळजवळ दिसेनाशी झाली.

मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौदलाने भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घेतली. ती ब्रिटिशांच्याच वसाहतीत पिकत होती, आंबट तर अधिकच होती, आणि गुण आंबटपणात आहे अशीच समजूत होती. प्रत्यक्षात त्या रसात क जीवनसत्त्व फारच कमी. साठवणीत उरलंसुरलंही जात होतं. पण कुणाला कळलं नाही, कारण दरम्यान वाफेची जहाजं आली होती, प्रवास छोटे झाले होते आणि स्कर्व्ही व्हायला वेळच मिळत नव्हता. पितळ उघडं पडलं १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत. रस घेऊनही माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. निष्कर्ष काय निघाला? लिंबाच्या गोष्टी म्हणजे भाकडकथा. मग नवा, आधुनिक, जंतूंच्या जमान्याला शोभेल असा सिद्धान्त आला की डब्यातल्या बिघडलेल्या मांसातल्या विषाने हा आजार होतो. १९०१ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉटच्या मोहिमेला स्कर्व्हीने गाठलं ते या सिद्धान्ताच्या छायेत. ताज्या सीलच्या मांसाने माणसं बरी झाली, आणि तेही बिघडलेले डबे बंद झाल्याने झालं असं समजायला वाव होताच. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या नॉर्वेच्या दोघांनी गिनिपिगांमध्ये तसाच आजार निर्माण करून दाखवला. त्यांनी हा प्राणी निवडला हे नशीबच, कारण गिनिपिग माणसासारखाच स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते द्रव्य नेमकं हाती लागलं १९३० च्या दशकात.

या सगळ्या काळात नोंदवह्या होत्या, अहवाल होते, ग्रंथ होते. ज्ञान हरवलं ते कागद जळून नाही. कृती आणि तिचं कारण यांची गाठ चुकीची बांधली गेली होती आणि कारणावर विश्वास ठेवून कृतीत ‘सुधारणा’ केली गेली. ‘लिंबाचा रस द्या’ एवढंच सांगितलं असतं आणि कुठलं लिंबू तेही आजीच्या हट्टाने सांगितलं असतं, तर? असा विचार मनात येतो. पण तसं हट्टाने सांगितलेलं, दोन हजार वर्षं चाललेलं दुसरं एक ज्ञान म्हणजे रुग्णाच्या अंगातलं रक्त काढणं. तेही गुरूने शिष्याला, जसंच्या तसं. १८३० च्या दशकात पॅरिसच्या पिएर लुई यांनी रुग्ण मोजून तुलना मांडली तेव्हा कुठे त्या खात्रीला तडा गेला. विश्वासू नक्कल चांगलं आणि वाईट दोन्ही सारख्याच निष्ठेने पुढे नेते. आणि उलटंही होतं: व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, प्रसूतिकक्षातला मृत्युदर १८ टक्क्यांच्या आसपासून २ टक्क्यांवर आला, तरी त्याचं स्पष्टीकरण तेव्हाच्या वैद्यकात बसत नव्हतं म्हणून बड्या मंडळींनी पायरीच नाकारली.

आपण आता फार पुढे आलो, असं म्हणणाऱ्यांसाठी फॉगबँक नावाचा एक पदार्थ आहे. अमेरिकेच्या पाणबुड्यांवरच्या अण्वस्त्रांत तो वापरतात. तो नेमका काय आहे ते गुपित आहे. १९८९ पर्यंत तो बनवला, मग कारखाना मोडला. २००० नंतर पुन्हा लागला, तेव्हा नोंदी अपुऱ्या आणि जुनी माणसं बहुतेक निवृत्त. नवा कारखाना उभारून, सगळं नोंदींप्रमाणे करून माल नीट येईना. बऱ्याच शोधानंतर कळलं की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि पदार्थ जमायला तीच हवी होती. नव्या पद्धतीत शुद्धीकरण चांगलं झालं आणि ती अशुद्धी गेली. पूर्वीच्या कामगारांनाही हे ठाऊक नव्हतं. जे माहीतच नाही ते लिहून कसं ठेवणार? हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एका नव्या प्रकारच्या लेझरचा माग काढला होता. ज्या प्रयोगशाळांनी नुसते छापील लेख वाचून तो बांधायचा प्रयत्न केला त्यांतल्या एकीलाही तो जमला नाही. जमला तो ज्यांचा आधी बांधलेल्या माणसाशी प्रत्यक्ष संबंध आला त्यांना.

म्हणून जपानमधलं इसेचं देवस्थान मला भाविकतेपलीकडच्या कारणाने आवडतं. तिथली लाकडी मंदिरं दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने, तशीच्या तशी बांधतात. ही रीत इसवी सन ६९० पासूनची आहे. मध्ये युद्धांच्या काळात शंभरावर वर्षांचा खंड पडला, तरी ती पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये बासष्टावं बांधकाम झालं. वीसच वर्षं का, याची वेगवेगळी कारणं सांगितली जातात. पण परिणाम पाहा: सुतार एकदा शिकाऊ म्हणून हात लावतो, दुसऱ्यांदा कर्ता म्हणून, आणि नशीब असेल तर तिसऱ्यांदा बाजूला उभा राहून ओरडायला. शंभर वर्षांचा अंतराल ठेवला असता तर नकाशे उरले असते आणि पटाशी धरायची पद्धत गेली असती.

माझ्या कामात इसे नाही. मी एका जुन्या पगारप्रणालीची देखभाल करते. कोड माझ्या नोकरीपेक्षा बराच जुना. त्यात एके ठिकाणी फाइल लिहून झाल्यावर प्रणाली तीन सेकंद नुसती थांबते, आणि वर टिपण आहे: ‘काढू नये.’ लिहिणारे सर निवृत्त झाले. त्यांना फोन केला तर म्हणाले, “अगं, मी आलो तेव्हाही ते होतंच.” अशा ओळींची आमच्याकडे वानवा नाही. प्रत्येक नवा माणूस येतो, हसतो, काढायला जातो, आणि आम्ही त्याचा हात धरतो.

या ओळींबद्दल पुढच्यांना नेमकं काय सांगायचं, हा प्रश्न डोक्यात असतानाच मॅक्सिम डेरेक्स आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा प्रयोग वाचला. एक उतरती पट्टी, तिच्यावर घरंगळणारं चार आऱ्यांचं चाक, प्रत्येक आरीवर पुढेमागे सरकवता येणारं वजन. वजनं कशी लावली तर चाक लवकर खाली पोचेल? प्रत्येकाला पाच संधी. पाच-पाच जणांच्या साखळ्या; पुढच्याला आधीच्याच्या शेवटच्या दोन रचना आणि त्यांचा वेग कळायचा. पिढीमागून पिढी चाक वेगवान होत गेलं. मग प्रत्येकाला विचारलं, चाक वेगात का जातं ते तुला कळलं का? त्या समजेत साखळीच्या शेवटच्या माणसाची पहिल्यापेक्षा काहीच प्रगती नव्हती. इथवर कसावाच. पुढचं जास्त बोलकं आहे. दुसऱ्या साखळ्यांत रचनेबरोबर ‘मला वाटतं हे असं चालतं’ असा आपला सिद्धान्तही लिहून पुढे द्यायची मुभा होती. चाकाच्या वेगामागे दोन गोष्टी असतात: वजनं मध्याच्या किती जवळ आहेत आणि सगळ्याचा गुरुत्वमध्य कुठे पडतो. ज्याच्या हाती यातल्या एकीचाच सिद्धान्त आला तो ती एक गोष्ट जास्त चांगली समजला, त्याच दिशेने प्रयोग करत राहिला आणि दुसरीला मुकला. चाकाचा वेग मात्र सिद्धान्त मिळालेल्यांचाही काही विशेष वाढला नाही.

मला शिकवलेलं सगळं याच्या उलट होतं. कारण सांगा, नुसती कृती सांगू नका. समजून घ्या, घोकू नका. मी हे अजूनही मानते, मुलांना शिकवताना तर नक्कीच. फक्त आता सांगणाऱ्याच्या ‘कारण’ या शब्दाकडे मी जरा संशयाने बघते, माझ्या स्वतःच्याही.

म्हणून आमच्या हस्तांतराच्या दस्तऐवजात मी दोन रकाने केले. एकात आपण काय करतो. अगदी टाच आपटण्यापर्यंत सगळं. दुसऱ्यात ते कशासाठी असावं असं आपल्याला वाटतं, कुणाला वाटतं आणि कधी वाटलं. दुसरा रकाना रिकामा ठेवायला परवानगी आहे. मोठ्या हौसेने हे मी टीममधल्या नव्या मुलीला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “पण मॅडम, मग हा कचरा कधीच कमी होणार नाही. प्रत्येक जण भर घालणार आणि काढणार कुणीच नाही.” मी तिला कसाव्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, रक्त काढण्याचीही सांगा ना.

तिच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ठरवलं की काढायचं तर एका वेळी एकच काढायचं, तारीख लिहून, आणि परत लावता येईल असं. परवा तिने ती तीन सेकंदांची ओळ काढली. चाचण्या सगळ्या पास झाल्या. पगार महिनाअखेरीला निघतात.